दुसऱ्या कागदापर्यंतचा पहारा

(शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी मांडवात झालेलं बोलणं. जसं बोलले तसं उतरून घेतलं आहे.)

मायबापहो, हे कीर्तन नव्हे. अभंग धरलेला नाही, चाल नाही, टाळकरी जेवून सावलीला बसलेत. काल चालक मला म्हणले, "बाबा, औंदा आपल्या दिंडीतल्या आठ माणसांच्या घरी एकेक कागद आलाय, अन् त्या आठ घरांत कुणाला धड झोप नाही. त्याच्यावर दुपारी चार शब्द बोला." मी म्हटलं, मी चौथी शिकलेला, औत हाकणारा माणूस, मी रक्तावर काय बोलणार? ते म्हणले, "रक्तावर डॉक्टर बोलतील. तुम्ही झोपेवर बोला."

म्हणून उभा राहिलो.

कागद कोणता ते ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. आषाढीहून आल्यावर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टर अन् आशाताई मंदिरात आल्या, चाळिशीच्या पुढच्या सगळ्या माळकऱ्यांचं रक्त घेऊन गेल्या. आता वारीत ही गोष्ट नवी राहिलेली नाही. 2023 च्या आषाढीला सरकारनं 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' म्हणून पंढरपुरात मोठं शिबिर लावलं होतं, तुमच्यापैकी पुष्कळांनी तिथं डोळे दाखवले, बीपी मोजून घेतलं. आपली दिंडी निघाली तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती अन् पंढरपूर इंग्रजांच्या मुलखात. माझा आजा सांगायचा, वारीत पटकी आली की माणसं रस्त्याच्या कडेला राहायची, दिंडी पुढं जायची, अन् परत येताना त्या झाडाखाली कुणी नसायचं. पुढं पटकीची सुई निघाली. जुनी माणसं ती सुई टोचून घ्यायला घाबरायची, घरी सांगून निघायची. आज आपण सुईला घाबरत नाही. कागदाला घाबरतो.

तर सगळ्यांचे कागद आले. बाकीच्यांचे ठीक. आठांच्या कागदावर एका आकड्याखाली रेघ, अन् बाजूला लिहिलेलं, पुन्हा तपासणी करावी. कुणाची साखर, कुणाचं रक्त कमी, कुणाचं थायरॉइड, कुणाचं लिव्हरचं काही. आठांमधला एक मी. माझ्या कागदावर क्रिएटिनिन 1.8 आलं. कागदावर त्याची हद्द लिहिली होती 1.3.

क्रिएटिनिन म्हणजे काय ते मला तोवर ठाऊक नव्हतं. नातवानं मोबाइलवर पाहिलं अन् त्याचं तोंड उतरलं. मी विचारलं, काय लिहिलंय रे? तो म्हणला, "काही नाही आबा, पाणी प्यायचं." लेकराला खोटं बोलता येत नाही. त्या रात्रीपासून माझ्या घरात डायलिसिस हा शब्द कुणी उच्चारला नाही, अन् दुसरा शब्द कुणाच्या मनात नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. आता हे पंधरा दिवस पाहा मायबापहो. रोग ठरला असता तर औषध सुरू झालं असतं. काही नाही असं ठरलं असतं तर विषय मिटला असता. या पंधरा दिवसांत माणूस ना रोगी ना निरोगी. कशावरच उभं राहता येत नाही. पेरणी झाली अन् पावसानं दडी मारली की आपण जसे सकाळ-संध्याकाळ बांधावर जाऊन उभे राहतो. बघून काय होतं? काही होत नाही. पण पाय आपसूक तिकडं वळतात. तसा मी त्या कागदापाशी जायचो. दिवसातून पाच वेळा. आकडा काही बदलत नव्हता. शेवटी आमच्या मंडळींनी कागद उचलला, सातबारा अन् पासबुकाच्या पिशवीत घातला अन् पिशवी फळीवर ठेवली. म्हणल्या, "आता सोमवारच्या सोमवार काढायचा."

पहिली गोष्ट मला डॉक्टरीणबाईंनी सांगितली, ती तुम्हाला सांगतो, कारण निम्मी चिंता ती न कळल्यामुळं होते. मी विचारलं, पुन्हा रक्त कामून घेता? मशीन खोटं होतं का? त्या म्हणल्या, "बाबा, तुम्ही माती तपासायला नेता का?" मी म्हटलं, नेतो की, परभणीला कृषी विद्यापीठ 1972 सालापासून आहे, आम्ही काय अडाणी शेतकरी आहोत का. "मग माती कुठली घेता?"

आता हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. झाडाखालची घ्यायची नाही, बांधालगतची नाही, उकिरड्यापाशी तर नाहीच. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा वीतभर खड्डा करायचा, तिथली माती एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. कशासाठी एवढा खटाटोप? एका ठिकाणची ढेप नेली तर ती त्या जागेपुरतं खरं सांगते, रानाचं सांगेलच असं नाही. त्या म्हणल्या, "तुमचं पहिलं रक्त म्हणजे एका जागची ढेप. आम्हाला रान बघायचंय."

अन् त्या हद्दीचं पण त्यांनी समजावलं. कागदावर जी हद्द लिहितात, ती कशी ठरते? धडधाकट माणसं घेतात, त्यांचं रक्त तपासतात, अन् 100 पैकी मधल्या 95 जणांचे आकडे जिथं बसतात तेवढी हद्द धरतात. म्हणजे चांगल्या धट्ट्याकट्ट्या 100 माणसांतली 5 माणसं त्या हद्दीच्या बाहेरच राहतात. काही झालेलं नसताना. अन् एका दमात 20 तपासण्या केल्या तर चांगल्या माणसाचाही एखादा आकडा बांधाच्या पलीकडं जाणं नवलाचं नाही. सगळेच आकडे असे ठरत नाहीत, साखरेची हद्द वेगळ्या हिशोबानं ठेवलेली आहे असं त्या म्हणल्या. पण एका रेघेवरून माणसाला रोगी म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम आहे. साखरेचं तर असं, की माणसाला काही त्रास नसेल तर उपाशीपोटीची साखर 126 किंवा त्याच्यावर एकदा आली म्हणून डॉक्टर मधुमेह लिहीत नाहीत, पुन्हा तपासून खात्री करतात.

उपाशीपोटी म्हटल्यावर आपल्या दिंडीतल्या एका आजीचं सांगतो, नाव घेत नाही, त्या इथंच बसल्यात अन् पदरात हसायलाही लागल्यात. त्यांना सिस्टरनी विचारलं, उपाशी आहात ना? आजी ठसक्यात म्हणल्या, "मला काय विचारता बाई, मला उपासच आहे." एकादशी होती. सकाळी साबुदाण्याची उसळ, वर दोन बशा गोड चहा, अन् उपास! साखर आली 148. आजीनं दहा दिवस अन्न गोड लागू दिलं नाही, सुनेला किल्ल्या दिल्या, नातीचं लग्न यंदाच उरका म्हणून लेकाच्या मागं लागल्या. दुसऱ्या वेळेला खरंच काही न खाता गेल्या, रात्रीच्या जेवणानंतर नुसतं पाणी. आली 96. दवाखान्याचं उपाशी अन् एकादशीचा उपास एक नव्हे, एवढं आजच्या दुपारी कळलं तरी पुष्कळ झालं.

मला बाईंनी तीन प्रश्न विचारले. वारीत पाणी किती प्यालात? गुडघ्याच्या, अंगदुखीच्या गोळ्या घेता का? कुणी वैदूबिदूनं दिलेला पाला, चूर्ण, काढा घेता का?

हे तीन प्रश्न तुम्ही सगळ्यांनी स्वतःला विचारा. आपण उन्हात चालतो, टाळ धरून नाचतो, घामानं सदरा ओला होतो, अन् पाणी घोटभर पितो. बायामाणसं तर मुद्दाम कमी पितात, कारण रस्त्यानं आडोसा मिळत नाही. अंगातलं पाणी आटलं की हा आकडा चढतो. अन् गोळ्या. परळीच्या पुढं गेलं की आपल्या दिंडीत गोळ्या कशा फिरतात ते मला ठाऊक आहे. बुक्क्याच्या डबीशेजारी गोळ्यांची पट्टी असते. एकानं दुसऱ्याला दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याला, प्रसाद वाटावा तशी. त्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या, त्यात पाणी कमी, तर मूत्रपिंडावर ताण येतो. हे डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, माझ्या मनाचं नाही. पुढच्या वारीत पट्टी वाटणाऱ्याला चोपदारांनी अडवावं असं माझं मत आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या.

आता झोपेकडं येतो.

मी तीस-पस्तीस वर्षं कीर्तन करतो. पंचक्रोशीत फिरलो, सेलू, पाथरी, जिंतूर, पूर्णा, पालम, गोदाकाठची गावं झाली. चिंता करू नका, भार देवावर टाका, हे मी किती वेळा सांगितलं असेल त्याचा हिशोब नाही. ते खोटं आहे असं म्हणत नाही. पण रात्री दोन वाजता, कुत्रं भुंकतंय, घर झोपलंय, अन् छातीत आकडा घण घातल्यासारखा वाजतोय, तेव्हा "भार टाका" म्हणजे नेमकं काय करायचं? हात कुठं ठेवायचे? तोंडानं काय म्हणायचं? नाम घ्यायला बसलो तर मनात 1.8, 1.8 चालू. ओठ विठ्ठल म्हणतात अन् मन दवाखान्यात.

मग मला वाटायला लागलं, आपली भक्तीच कच्ची आहे. हे वाटणं मूळ चिंतेपेक्षा वाईट, मायबापहो. एक दुखणं होतं, त्याची दोन झाली. अन् तुमच्यातल्या पुष्कळांना हे वाटतं, कारण आपल्यातच असं बोलणारे असतात. "माळ घातलीय ना, मग कशाला भेता?" बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ऐकणारा त्या दिवसापासून गप्प होतो. चिंता तशीच राहते, फक्त ती लपवायचं काम वाढतं.

मी तेव्हा तुकोबांचा विचार केला. वह्या इंद्रायणीत बुडाल्यावर महाराज देहूच्या काठी शिळेवर तेरा दिवस बसले, अन्नपाणी सोडून. आपण ही कथा सांगताना घाईघाईनं तेराव्या दिवसाकडं जातो, वह्या कोरड्या वर आल्या, टाळ्या, गजर. मी पण तसंच सांगत आलो. पण औंदा मला पाचवा दिवस आठवायला लागला. सहावा दिवस. सातवी रात्र. तेव्हा महाराजांना कुणी सांगितलं होतं का, की तेराव्या दिवशी वर येणार आहेत? ती तेरा नावाची संख्या आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नव्हती. पाण्याकडं बघत बसले असतील. जगद्गुरू होते, त्यांची भक्ती कच्ची होती असं म्हणायची कुणाची छाती आहे? जिवाला लागलेलं असलं की माणूस तळमळतोच. तळमळला म्हणून तो देवापासून लांब गेला असं मी तरी आता कुणाला म्हणू देणार नाही.

अन् याच कथेवरून कुणी म्हणत असेल, की बघा, महाराज बसून राहिले अन् देवानं केलं, मग आम्ही दवाखान्यात कशाला जायचं, तर त्याला हात जोडून सांगतो, कथेचा असा अर्थ काढू नका. माझ्या पाहण्यातला एक गडी, आपल्या दिंडीतला नव्हे, चांगला टाळकरी, त्याला असाच पुन्हा या म्हणून कागद मिळाला. त्यानं तो घडी करून पोथीत ठेवला. पोथीत! म्हणला, आता माउली बघून घेईल. घरी बायकोलाही सांगितलं नाही. दीड वर्षानं पायावर सूज आली, धाप लागली, तेव्हा तो कागद सापडला. आता तो आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. त्याचं पुढं कधी ना कधी तेच झालं असतं की नाही ते डॉक्टर जाणोत. पण ते दीड वर्ष तो सुखानं झोपला असेल असं तुम्हाला वाटतं का? मी त्याला विचारलं. तो म्हणला, "बाबा, रोज पोथी उघडायची भीती वाटायची."

ज्या वस्तूनं जीव निवायचा, तिचीच भीती.

आता त्या खांबापाशी बघा. मी बोलतोय तवर तिथं काय चाललंय? विणा उभी आहे. सप्ताह बसल्यापासून ती जमिनीला टेकलेली नाही. रात्री तीन वाजता पण कुणीतरी तिथं उभं होतं. अन् ती एकाच्या गळ्यात आहे का? नाही. भिंतीवर पहाऱ्याची यादी लावलीय, दोन-दोन तासांचा पहारा, नाव लिहिलेलं. दुसरा येतो, पाया पडतो, विणा गळ्यात घेतो, पहिला मोकळा होतो, चहा पितो, झोपतो. सात दिवस अखंड विणा हे एका माणसाचं काम असतं तर तिसऱ्या दिवशी माणूस विण्यासकट खाली आला असता. शंभर वर्षांत आपल्या दिंडीनं जे काय साधलं असेल ते या यादीवर साधलं.

मग आपला कागद आपण एकट्यानं कामून धरून उभे राहतो?

हे मला सुचलं नाही. हे आपल्या विणेकऱ्यांनी सुचवलं. पाचव्या-सहाव्या रात्री मी मंदिराच्या ओट्यावर येऊन बसलो होतो. ते झोपायला तिथंच असतात. त्यांनी विचारलं, "काय बुवा, झोप नाही का?" मी म्हटलं, उकडतंय. ते म्हणले, "माझ्या वेळेला पण मला असंच उकडत होतं." तीन वर्षांपूर्वी त्यांना साखर निघाली होती, हे मला ठाऊक होतं. पण पहिल्या अन् दुसऱ्या तपासणीच्या मधल्या दिवसांत ते काय भोगत होते, हे दिंडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांची दुसरी तपासणी पण पहिल्यासारखीच आली. गोळी सुरू झाली. त्याच्यावर ते तीन वाऱ्या चालले, गळ्यात विणा घेऊन. मला म्हणले, "गोळी काही जड नाही बुवा. गोळीच्या आधीचे ते दिवस जड होते, कारण तेव्हा मी एकटा होतो."

मग मी सगळं सांगितलं. नातवाचं तोंड, डायलिसिस, शेत कुणाच्या नावावर करायचं, धाकट्याचं कर्ज, सगळं. त्यांनी काही उपदेश केला नाही. मधे मधे हं म्हणत होते. शेवटी म्हणले, "आता जा झोपा. आजच्या रात्रीचा पहारा माझा." म्हणजे काय ते मला तेव्हा नीट कळलं नाही. पण मी घरी गेलो अन् झोपलो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही नेम लावला. संध्याकाळी हरिपाठ झाला की ओट्यावर पाव तास मी चिंतेचं बोलायचं, त्यांनी ऐकायचं. पाव तासच. बाकी वेळेला मनात आलं की मनाला सांगायचं, संध्याकाळी बघू, तुझी वेळ हरिपाठानंतर. तुम्हाला हसू येईल. पण मन ऐकतं. लगेच नाही ऐकत, गोऱ्ह्यासारखं आहे ते, आठ दिवस जू झटकून टाकतं. मग वळणावर येतं. अन् गंमत अशी, की संध्याकाळी त्या पाव तासात कधी कधी बोलायला काही उरलेलं नसायचं. मग आम्ही सोयाबीनवर बोलायचो.

दिवसा हाताला काम ठेवलं. कोळपणी चालू होती, कापसात खुरपण होतं. जनाई आपल्या गंगाखेडची, आपल्या जिल्ह्याची लेक. तिच्या गोष्टींत देव येतो तो कुठं येतो? जात्यापाशी. शेणी वेचायला. खुंट्याला तिचा एक हात अन् देवाचा एक हात. मला लहानपणापासून हे चित्र आवडतं, पण खुरपताना मला त्यातलं दुसरं दिसलं. जातं दोघांनी ओढलं तरी दळण आपलं आपल्यालाच दळायचं असतं, देव काही पायली बाजूला ठेवून तिला चल म्हणला नाही. तासभर खाली मान घालून खुरपलं की तेवढा तास आकडा डोक्यात येत नसे. आला तरी बसायला जागा सापडत नसे.

आणखी एक केलं. नातवाच्या वहीचं पान घेतलं अन् डॉक्टरीणबाईंना काय विचारायचं ते लिहून काढलं. चौथीचं अक्षर, पण लिहिलं. मीठ कमी करू का? दूध चालतं का? कार्तिकीला चालता येईल का? रात्री जे प्रश्न फण काढून उभे राहतात, ते कागदावर उतरले की एवढे एवढे होतात. माझे अठरा निघाले. त्यातले अकरा एकच प्रश्न होता, फिरवून फिरवून विचारलेला.

मधल्या दिवसांत काय करू नये ते पण सांगतो, कारण या आठांतल्या दोघांनी चालवलंय अन् त्यांच्या घरच्यांनी मला सांगितलंय. किडनी साफ करणारा काढा म्हणून कुणी बाटली देईल, ती घेऊ नका. त्यात काय आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं, अन् दुसऱ्या तपासणीत आकडा चढला तर तो रोगानं की काढ्यानं ते डॉक्टरला कळणार नाही. चालू असलेली बीपीची, साखरेची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. अन् आकडा चांगला यावा म्हणून चार दिवस भाकरी सोडून मेथीच्या पाण्यावर राहू नका. ती एक तीन महिन्यांची साखर काढतात ना, तिला हे चालत नाही. रक्तातली तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, तिच्या अंगावर साखर बसलेली असते, मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब ती सांगते. सावकाराची वही आहे ती, चार दिवस हात जोडून पुसली जात नाही.

अन् तारीख मिळाली म्हणून तारखेपर्यंत थांबायचंच, असंही नाही. धाप लागली, लघवी कमी झाली, पायावर तोंडावर सूज आली, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडला, तर तारीख बघू नका. त्याच दिवशी जायचं. रात्र असली तर 108 ला फोन करायचा.

बायामाणसांना वेगळं सांगतो. आठांतल्या तीन बाया आहेत. पुरुषाचा कागद आला की बायको पिशवीत घालून जपते. बाईचा कागद आला की तो कुठं जातो? चुलीपाशी, फडताळात, डब्याखाली. "माझं काय, होईल बरं." दुसऱ्या तपासणीला जायचं तर मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, सोबत कोण येणार. मजुरीचं मला सांगता येत नाही. पण पैशाचं सांगतो, 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र आलं, ग्रामीण रुग्णालय आलं, तपासणी-उपचाराला पैसे लागत नाहीत. अन् सोबतीचं आपल्या हातात आहे, ते आत्ताच बघू.

माझं काय झालं ते विचाराल. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. 1.5 आलं. उतरलं, पण हद्दीच्या आत आलं नाही. बाईंनी लघवी तपासली, सोनोग्राफी केली. म्हणल्या, "मूत्रपिंडाचा जुना आजार म्हणायचा तर तीन महिने तरी बिघाड टिकलेला दिसावा लागतो, मगच तसं लिहितात. तुम्ही पाणी प्या, बीपी सांभाळा, दिवाळीनंतर या." म्हणजे मायबापहो, मी अजून वाटच बघतोय. चांगला निकाल खिशात घालून तुमच्यापुढं धीराच्या गोष्टी सांगत नाही. तिसरा कागद अजून यायचा आहे, अन् तो काय घेऊन येईल ते मला ठाऊक नाही. कधी रात्री जाग येते. पण आता जाग आली की मी ओट्यावर येतो, अन् तिथं कुणीतरी असतं.

तर आता काम. राहिलेल्या पाच जणांची दुसरी तपासणी सोमवारी आहे. चोपदारांनी वही आणलीय. पहाऱ्याच्या यादीसारखीच यादी करायची. प्रत्येक नावापुढं एक नाव, जो सोबत जाईल, अन् निकाल हातात येईपर्यंत रोज हरिपाठानंतर त्या माणसापाशी पाव तास बसेल. उपदेश करायचा नाही, नुसतं बसायचं. बायांपुढं बायांचीच नावं घाला. आजी, तुम्ही त्या धाकट्या सूनबाईसोबत जा, अन् तिला साबुदाणा खाऊ देऊ नका.

चालकांची जीप सकाळी सातला मंदिरापासून निघणार. कुणी चहा पिऊन यायचं नाही, तपासणीवाल्यांनी. सोबतवाल्यांनी भाकरी बांधून घ्या, रक्त दिल्यावर सगळ्यांनी मिळून खाऊ. माझं नाव थायरॉइडवाल्या आपल्या मृदंगवाल्यापुढं लिहा, तो दोन दिवस झाले ठेक्यात चुकतोय, मला कळतंय.

चोपदार, लिहा. पहिलं नाव घ्या.

राम कृष्ण हरी.